अर्बन बँक, राज्याचा कायदा आणि दिल्लीदरबारी दाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही अर्बन बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली की त्या आठवड्यात सगळीकडे तेच तेच प्रश्न फिरायला लागतात आणि निम्मी उत्तरं चुकीची असतात, म्हणून इथे नीट लिहून ठेवलंय. हे सगळं नागरी सहकारी बँकांपुरतं, म्हणजे आपण ज्यांना अर्बन बँक म्हणतो त्यांच्यापुरतं आहे. जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँकेच्या काही गोष्टी वेगळ्या असतात, त्या इथे घेतलेल्या नाहीत.

आमची बँक नेमकी कोणाच्या हाताखाली येते, सहकार खात्याच्या की रिझर्व्ह बँकेच्या?

दोघांच्या. आणि सगळा गुंता इथूनच सुरू होतो. राज्यघटनेत सहकारी संस्था हा विषय राज्यसूचीत आहे (नोंद ३२) आणि बँकिंग हा विषय केंद्राच्या सूचीत (नोंद ४५), आता आपली बँक ही सहकारी संस्था पण आहे आणि बँक पण आहे, त्यामुळे तिच्यावर दोन कायदे एकाच वेळी चालतात. एक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि दुसरा बँकिंग नियमन कायदा १९४९, जो सहकारी बँकांना १ मार्च १९६६ पासून लागू झाला. यालाच दुहेरी नियंत्रण म्हणतात.

ढोबळ वाटणी अशी की सभासदत्व, संचालकांची निवडणूक, सर्वसाधारण सभा, पोटनियम, थकबाकी वसुलीचे दाखले हे सगळं पुण्यातल्या सहकार आयुक्तांच्या खात्याकडे. आणि लायसन्स, ठेवी, कर्जाचे नियम, भांडवल, इन्स्पेक्शन, निर्बंध हे रिझर्व्ह बँकेकडे. कागदावर हे स्वच्छ दिसतं, पण कर्ज बुडालं तर ते कर्ज देताना चूक झाली (रिझर्व्ह बँक) की संचालकाने अपहार केला (सहकार खातं आणि पोलीस) हे ठरवता ठरवता वर्षं जातात, आणि तोवर ठेवीदार दोन्हीकडच्या पायऱ्या चढत राहतो.

बँक मल्टिस्टेट असेल तर?

मल्टिस्टेट म्हणजे एकाहून जास्त राज्यांत सभासद असलेली. मग राज्याचा कायदा बाजूला आणि २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू, निबंधक (सहकारी संस्थांची नोंदणी आणि देखरेख करणारा अधिकारी) दिल्लीतला. सारस्वत, कॉसमॉस ह्या अशाच मल्टिस्टेट बँका आहेत. २०२३ मध्ये ह्या कायद्यात मोठा बदल होऊन मल्टिस्टेट संस्थांसाठी वेगळं निवडणूक प्राधिकरण आणि सहकार लोकपाल आले. त्यामुळे तक्रार करायच्या आधी आपली बँक राज्यात नोंदलेली आहे की मल्टिस्टेट हे बघून घ्या, अहवालाच्या पहिल्या पानावरच्या नोंदणी क्रमांकावरून ते लगेच कळतं. नाहीतर जिल्हा उपनिबंधकांकडे चार महिने अर्ज पडून राहतो आणि मग उत्तर येतं की हे आमच्या कक्षेत येत नाही.

२०२० मध्ये नक्की काय बदललं? एवढी चर्चा कशाला झाली?

त्याच्या आधी पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं प्रकरण झालं होतं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती, मग ती १०,०००, २५,००० अशी वाढवत नेली. एचडीआयएल ह्या एकाच बिल्डर ग्रुपकडे बँकेच्या कर्जांचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग अडकलेला होता आणि तो लपवला होता. लोकं मुंबईत रस्त्यावर उतरली, आणि केंद्रावर दबाव आला की रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर पुरेसे अधिकार द्या.

त्यातून जून २०२० मध्ये अध्यादेश आला आणि सप्टेंबरमध्ये संसदेने बँकिंग नियमन दुरुस्ती कायदा केला, अर्बन बँकांना तो २९ जून २०२० पासूनच लागू धरला गेला. त्याआधी राज्यात नोंदलेल्या बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करायचं तर रिझर्व्ह बँकेने निबंधकाला कळवायचं आणि राज्याच्या कायद्यातल्या कलम ११०अ खाली निबंधकाने आदेश काढायचा, आता रिझर्व्ह बँक राज्य सरकारचं म्हणणं मागवून स्वतःच मंडळ बाजूला करू शकते. ऑडिटर नेमायला, सीईओ नेमायला रिझर्व्ह बँकेची आधी मंजुरी लागते. संचालकांपैकी किमान ५१ टक्के लोक अकाउंटन्सी, बँकिंग, कायदा, शेती, सहकार अशा क्षेत्रांतले ज्ञान किंवा अनुभव असलेले लागतात. आणि एखादी बँक दुसऱ्या बँकेत विलीन करायची योजना रिझर्व्ह बँक बनवू शकते.

सहकारातल्या बऱ्याच लोकांना हा राज्याच्या अधिकारावर घाला वाटला. माझं मत सरळ आहे, ठेवीदाराच्या बाजूने बघितलं तर हा बदल व्हायलाच हवा होता, कारण ठेवी घेणारी संस्था आणि तिचं मंडळ हलवायचा अधिकार दुसऱ्याच ऑफिसात, ही व्यवस्था चुकीची होती. पण त्याच वेळी मोठ्या बँकेच्या पापासाठी बनवलेले नियम तालुक्याच्या गावातल्या दोन शाखांच्या बँकेलाही लागले, त्याबद्दल पुढे लिहितो.

मग राज्य सरकारकडे आता राहिलं काय?

बरंच काही. निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण घेतं, मंडळाची मुदत पाच वर्षं, जास्तीत जास्त २१ संचालक, त्यात महिलांच्या आणि राखीव जागा. कलम १०१ खालचा वसुली दाखला (ज्याच्या जोरावर थकबाकी वसूल करता येते) हे तर सहकारी बँकांचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करून त्यांच्याकडून नुकसान वसूल करणं, हे पण राज्याचंच काम. ठेवीदारांनी खरंतर इथे जास्त जोर लावायला पाहिजे. कारण बँक बुडाल्यावर सगळं लक्ष निर्बंध आणि विलीनीकरणाकडे जातं आणि कलम ८८ ची चौकशी अधिकारी बदलत, मुदतवाढ घेत रेंगाळते.

९७ वी घटनादुरुस्ती आठवत असेल, २०१२ पासून लागू झाली आणि तिच्यातून राज्यांच्या सहकार कायद्यांवर केंद्राने चौकट घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने जुलै २०२१ मध्ये राज्यात नोंदलेल्या संस्थांपुरती रद्द केली, कारण निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी घेतलेली नव्हती. मल्टिस्टेटपुरती ती टिकली. महाराष्ट्राने मात्र त्या दुरुस्तीनुसार २०१३ मध्येच आपला कायदा बदललेला होता, त्यामुळे पाच वर्षांची मुदत, २१ संचालक हे सगळं आपल्याकडे राज्याच्या कायद्याने चालू राहिलं.

सिक्युरिटायझेशनची नोटीस (थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घ्यायची) सहकारी बँक देऊ शकते का? आमच्याकडे वकील म्हणतात नाही.

देऊ शकते. हा वाद बरीच वर्षं चालला, आणि तो मिटला मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या केसमध्ये, ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की सहकारी बँका पण सरफेसी, म्हणजे ह्याच सिक्युरिटायझेशनच्या कायद्याखाली तारण ताब्यात घेऊ शकतात. कागल तालुक्यातल्या गावच्या बँकेची केस अख्ख्या देशाचा कायदा ठरवून गेली.

संचालकांचं आठ वर्षांचं, दहा वर्षांचं काय प्रकरण आहे?

२०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा लागली. आता राज्यात मंडळाची मुदत पाच वर्षं, म्हणजे दुसऱ्या टर्मच्या मधेच माणूस अपात्र. अर्बन बँकांच्या फेडरेशनने हा मुद्दा दिल्लीत लावून धरला, आणि बँकिंग कायदे दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा दहा वर्षं केली गेली, लोकसभेत डिसेंबर २०२४ मध्ये आणि राज्यसभेत मार्च २०२५ मध्ये ते मंजूर झालं, ही तरतूद १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे. दोन पूर्ण टर्म, हिशोब जुळला.

मागणी रास्त होती, हे मान्य. पण मला मनापासून वाटतं की ह्या एका मुद्द्यासाठी जेवढी निवेदनं दिली गेली, जेवढे मेळावे झाले, तेवढी ताकद ठेव विम्याच्या मर्यादेसाठी लागलेली मला दिसली नाही. संचालकांची संघटना संचालकांचं दुखणं आधी मांडणार हे समजू शकतो, म्हणूनच ठेवीदारांचा स्वतःचा आवाज लागतो.

बँकेवर निर्बंध आले. माझे पैसे कधी मिळणार?

ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत देतं. ही मर्यादा १९९३ पासून १ लाखावर अडकलेली होती, पीएमसी नंतर ४ फेब्रुवारी २०२० ला ५ लाख झाली. आणि दुसरी मोठी गोष्ट, आधी लायसन्स रद्द होऊन अवसायक (बँक गुंडाळणारा अधिकारी) नेमल्याशिवाय विम्याचे पैसे मिळायचे नाहीत, पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स रद्द व्हायला २०२२ उजाडलं, एवढी वर्षं माणसं टांगलेली. सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला, आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद आहे. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, उरलेल्या ४५ दिवसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर आणखी ९० दिवस लांबू शकतं.

हे पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, संमतीचा फॉर्म भरावा लागतो आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचे तपशील द्यावे लागतात. मी अशा एका बँकेच्या शाखेत ज्येष्ठ मंडळींना फॉर्म भरून द्यायला बसलो होतो. एका आजींच्या पासबुकावर नाव लग्नाआधीचं, आधारवर लग्नानंतरचं, आणि एफडीच्या पावतीवर नुसतंच पहिलं नाव आणि आडनाव. तीन कागदांवर तीन नावं. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की आजी, ह्याचं ॲफिडेव्हिट लागेल, आणि यादीची तारीख जवळ आलेली. म्हणून आत्ता, बँक धडधाकट असतानाच केवायसी आणि नावं एकसारखी करून घ्या.

माझ्या तीन शाखांत तीन एफडी आहेत, म्हणजे १५ लाख सुरक्षित ना?

नाही. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या, एकाच नावाच्या आणि एकाच हक्काने ठेवलेल्या ठेवी एकत्र मोजतात. तुमच्या एकट्याच्या नावावरची ठेव आणि नवरा-बायकोची जॉइंट ठेव ह्या मात्र वेगळ्या धरतात. दुसऱ्या बँकेत ठेवलेले पैसे पूर्ण वेगळे. विम्याचा हप्ता बँक भरते, तो तुमच्याकडून घेता येत नाही. आणि त्या बँकेचं कर्ज तुमच्यावर असेल तर ते वजा होऊ शकतं.

आमच्या हाउसिंग सोसायटीची ३० लाखांची एफडी आहे. प्रत्येक सभासदाचे ५ लाख धरतात का?

धरत नाहीत, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. सोसायटी म्हणजे एक ठेवीदार, ५ लाख संपले की विमा संपला. राज्याच्या कायद्यातल्या कलम ७० मुळे सोसायट्यांचा राखीव निधी मुख्यतः सहकारी बँकांकडेच वळतो आणि कमिटी सोयीसाठी सगळा एकाच बँकेत टाकते. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा वैयक्तिक ठेवीदारांना विम्याच्या वरचे पैसे टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत असं ठरलं, पण संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेचा ८० टक्के भाग प्रेफरन्स शेअर्समध्ये गेला, वर्षाला १ टक्का लाभांश. लिफ्ट बदलायला, बिल्डिंगच्या दुरुस्तीला जमवलेला पैसा शेअर झाला. राज्य आणि केंद्र दोघांकडे मिळून मागायची गोष्ट ही आहे: राज्याचा कायदा जिथे पैसा ठेवायला लावतो तिथे केंद्राच्या विम्याची मर्यादा त्या संस्थेच्या आकाराला शोभेल अशी हवी. ते होईपर्यंत कमिटीने ठेवी वाटून ठेवाव्यात.

सगळ्या गोष्टी अशाच संपतात असं पण नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली, म्हणजे सहा महिन्यांच्या आत ठेवीदारांना वाट मिळाली.

पतसंस्थेला पण हेच सगळं लागू आहे का?

नाही. पतसंस्था बँक नाही, तिला बँक हा शब्द वापरता येत नाही, रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नाही आणि ठेव विमा पण नाही. तिथे फक्त सहकाराचा कायदा, राज्याचा किंवा मल्टिस्टेट असेल तर २००२ चा. पिग्मी एजंट रोज दारात येतो म्हणून ती बँक होत नाही, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.

अर्बन बँकांची बाजू दिल्लीत कोण मांडतं?

देशपातळीवर नॅफकब हे अर्बन बँकांचं फेडरेशन, राज्यात महाराष्ट्र अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक्स फेडरेशन, शिवाय सहकार भारतीसारख्या संघटना. पूर्वी जायचं कुठे हाच प्रश्न असायचा, अर्थ मंत्रालय म्हणायचं रिझर्व्ह बँकेकडे जा, रिझर्व्ह बँक म्हणायची राज्याकडे जा. जुलै २०२१ मध्ये केंद्रात वेगळं सहकार मंत्रालय झालं, अमित शहा त्याचे मंत्री, तेव्हापासून एक दार पक्कं झालं. नंतर रिझर्व्ह बँकेने पण सहकारासाठी नोडल अधिकारी नेमला. आणि मार्च २०२४ मध्ये एनयूसीएफडीसी ही अर्बन बँकांची छत्रसंस्था दिल्लीत सुरू झाली, भांडवल बँकांचंच, उद्देश हा की छोट्या बँकेला टेक्नॉलॉजी, सायबर सुरक्षा, निधी, सल्ला एका जागी मिळावा.

ह्या सगळ्या पाठपुराव्यातून आजपर्यंत मिळालं काय?

ठोस गोष्टी मिळाल्यात. २०२२ मध्ये घरकर्जाची मर्यादा दुप्पट झाली, छोट्या गटातल्या बँकांना ३० लाखांवरून ६० लाख आणि मोठ्यांना ७० लाखांवरून १ कोटी ४० लाख, जी आधीची मर्यादा होती त्यात मुंबई-पुण्यात वन बीएचके पण बसत नव्हता. थकीत कर्जात तडजोड करायची मुभा २०२३ मध्ये मिळाली. प्राधान्य क्षेत्राच्या (शेती, छोटे उद्योग वगैरे) कर्जाचं टार्गेट ७५ टक्क्यांपर्यंत चढवायचं ठरलं होतं, ते २०२५ मध्ये ६० टक्क्यांवर आलं. छोट्या कर्जाची व्याख्या मोठी झाली.

इन्कम टॅक्सचं मात्र अजून मिळालेलं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पातून सहकारी बँकांची कलम ८०पी ची सवलत गेली, पतसंस्थांची राहिली. निवेदनं जातात, दरवर्षी बजेटच्या आधी जातात. सवलतीच्या दराचा २२ टक्क्यांचा पर्याय आलाय, पण जुनी माफी परत आलेली नाही.

छोट्या बँका तक्रार करतात की नियम झेपत नाहीत. खरं आहे का?

खरं आहे, आणि मला ह्या बँकांबद्दल जास्त काळजी वाटते. रिझर्व्ह बँकेने आता चार गट केलेत: १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या पहिल्या गटात, १,००० कोटींपर्यंत दुसरा, १०,००० कोटींपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. पहिल्या गटाला भांडवल पर्याप्तता (सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) ९ टक्के, बाकीच्यांना १२ टक्के, ती पण मार्च २०२६ पर्यंत टप्प्याने गाठायची असं ठरलं. नेटवर्थ एकाच जिल्ह्यातल्या पहिल्या गटाच्या बँकेला किमान २ कोटी, इतर सगळ्यांना ५ कोटी. ही गटवारी आधीच्या सरसकट नियमापेक्षा खूप बरी आहे.

पण अडचण भांडवल आणायचं कुठून ही आहे. खाजगी बँक बाजारात जाऊन शेअर विकते, सहकारी बँकेत एक सभासद एक मत, शेअर दर्शनी किमतीलाच परत मिळणार, लाभांशाला राज्याच्या कायद्यात १५ टक्क्यांची मर्यादा, मग कर्जदाराकडून कर्जाबरोबर शेअर घेणं हाच मुख्य मार्ग उरतो. म्हणजे राज्याचा कायदा भांडवल वाढू देत नाही आणि केंद्राचा नियम भांडवल मागतो, ह्या दोघांना एका टेबलावर बसवणं हे फेडरेशनचं खरं काम आहे. २००४ ला देशात १,९२६ अर्बन बँका होत्या, आज सुमारे दीड हजारच्या खाली आल्यात. त्यातल्या काही चुकीच्या कारभाराने गेल्या, काही विलीन झाल्या. पण जी बँक भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला ओळखीवर पन्नास हजार देते तिच्या जागी दुसरं कोणी तेवढ्या विश्वासाने उभं राहत नाही, तिथे सावकार उभा राहतो.

मी साधा सभासद. मला ह्यात काय करता येईल?

वार्षिक सभेला जा. साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत ती व्हावी लागते, अहवाल आधी मिळतो, तो घरी वाचा. ग्रॉस एनपीए (थकीत कर्जं) किती, तरतूद वजा जाता नेट किती, सीआरएआर किती, ऑडिट वर्ग कुठला आणि मोठ्यात मोठी वीस खाती मिळून कर्जाच्या किती टक्के आहेत, एवढं बघा. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देणं २००३ पासून मोजके अपवाद सोडून बंद आहे, शंका असेल तर त्याबद्दल लेखी प्रश्न विचारा. सभेत विषय वाचायच्या आत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ होतं, तिथे उभं राहून एक प्रश्न विचारला आणि तो इतिवृत्तात नोंदवायला लावला तरी फरक पडतो, कारण उद्या चौकशी झाली तर तेच इतिवृत्त बघितलं जातं.

दिल्लीपर्यंत आवाज न्यायचा असेल तर, रिझर्व्ह बँक बहुतेक नवीन नियमांचा मसुदा आधी वेबसाइटवर टाकते आणि कोणाकडूनही सूचना मागवते. कोणीही म्हणजे तुम्ही पण. पाच-दहा ओळींचा साधा ईमेल पुरतो, आपला अनुभव लिहायचा, कुठला परिच्छेद बदलावा ते लिहायचं. बँकिंगचं विधेयक संसदेत असताना आपल्या खासदाराच्या ऑफिसला पत्र देणं पण उपयोगी असतं, मात्र पत्रात एकच मुद्दा ठेवा.

तक्रार कुठे करायची?

खात्यातून पैसे गेले, सेवा नीट नाही, जादा चार्ज लावला: आधी बँकेला लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या अर्बन बँका त्या योजनेत येतात. मतदार यादी किंवा निवडणुकीची तक्रार निवडणूक प्राधिकरणाकडे. सभासद आणि बँकेतला वाद सहकार न्यायालयात, कलम ९१ खाली. अपहाराची शंका असेल तर निबंधकांना आणि रिझर्व्ह बँकेला दोघांना एकाच दिवशी अर्ज द्या आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

नॉमिनीचे नवीन नियम सहकारी बँकेला लागू आहेत का?

आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, कोणाला किती टक्के ते लिहून, किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला फक्त क्रमाने. फॉर्म शाखेतच मिळतो, भरल्यावर पासबुकावर किंवा पावतीवर नॉमिनी नोंदल्याचं लिहून घ्या, आणि जुन्या एफडी रिन्यू होताना नॉमिनेशन पुढे आलंय ना ते दरवेळी बघा.